नाभिस्थानचा मुक्काम

नर्मदेच्या उत्तर तीरावर, देवास जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकास नेमावर वसले आहे. समोरच्या तीरावर हंडिया दिसते. तेथून हरदा जिल्हा सुरू होतो. इंदूरहून बैतूलकडे जाणारा महामार्ग येथेच पुलावरून नर्मदा ओलांडतो. बहुतेक प्रवासी मोटारीची काच किंचित खाली करून पात्रात एक नाणे टाकतात, हात जोडतात आणि पुढे निघून जातात. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर मानली जाते. तिचा मध्य, तिची नाभी या दोन गावांच्या दरम्यान आहे, अशी जुनी श्रद्धा आहे. पात्रात नाभिकुंड आहे आणि नावाडी भाविकांना होडीतून तेथे नेतात. घाटावर परमारकालीन सिद्धनाथाचे देऊळ आहे. त्याचे शिखर नदीतून येणाऱ्यास गावाच्या आधी दिसते. जवळच्या टेकाडावर त्याच काळातले एक अपुरे राहिलेले देवालय उभे आहे. आम्हांस ते पुऱ्या देवळाहून अधिक बोलके वाटते. पण ही आमची खासगी आवड झाली. जैन बांधवांचे सिद्धोदय क्षेत्रही येथेच असल्याने गावात वर्षभर यात्रेकरूंचा राबता असतो.

येथील शासकीय शाळेत आमची बदली झाली तेव्हा इंदूरच्या आप्तांनी हळहळ व्यक्त केली होती. ‘पाणी चांगलं आहे,’ एवढेच सांत्वन त्यांना सुचले. परंतु नेमावर हे फार पुरातन काळापासून मुक्कामाचे ठिकाण आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने हिंदुस्थानातील मार्ग नोंदवले. धारहून दक्षिणेस गोदावरीकडे जाणाऱ्या वाटेवरील टप्पे सांगताना त्याने नर्मदाकाठच्या याच गावाचे नाव घेतले आहे. आजही परिक्रमावासी येथे झोळी उतरवतात. नदी नेहमी उजव्या हातास ठेवावयाची आणि तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, हा त्यांचा नियम. म्हणून हंडियास दिसणारा परिक्रमावासी पश्चिमेस समुद्राकडे निघालेला असतो, तर नेमावरास दिसणारा पूर्वेस अमरकंटकाकडे. आपण पुलावरून जे अंतर दोन-तीन मिनिटांत तोडतो, तेच त्यास तोडावयाचे तर समुद्रास वळसा घालून यावे लागते. विधिपूर्वक परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. चातुर्मास आला की तो एका जागी थांबतो. थांबणे हा त्याच्या प्रवासाचाच भाग असतो.

ही प्रस्तावना लांबली खरी; परंतु पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा या थांबण्याशी संबंध आहे.

आमचे चिरंजीव इंदुरास नोकरीस आहेत. थोरली नात साडेचार वर्षांची, धाकटा नातू चौदा महिन्यांचा. येत्या मे महिन्यात युरोपास जाण्याचा बेत चिरंजिवांनी आखला. आम्हां उभयतांनाही बरोबर घ्यावयाचे ठरविले. संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर सर्व मंडळी पाच दिवसांसाठी नेमावरास आली, तेव्हा त्यांनी तो कागद आमच्यापुढे ठेवला. पॅरिस, ॲमस्टरडॅम, कोलोन, ल्यूसर्न, मिलान, व्हेनिस, रोम. शहरे सात, दिवस बारा.

‘बाबा, मूल दोन वर्षांच्या आत असलं की त्याचं तिकीट अगदी थोडक्यात पडतं. पुढच्या वर्षी पूर्ण आसनाचे पैसे. आणि एवढी सलग रजा मला पुन्हा कधी मिळणार?’ हा चिरंजिवांचा मुद्दा. तो खोटा नव्हता.

सूनबाई चुलीपाशी पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ‘तुम्ही सगळे जाऊन या. मी मुलांना घेऊन इथेच राहते,’ एवढेच बोलल्या. आमच्या घरी भांडणे मोठ्या आवाजात होत नाहीत, हे सुदैव म्हणावे की दुर्दैव, न कळे. परंतु त्या रात्री कोणी फारसे जेवले नाही.

सूनबाईंच्या नकारास कारण होते. गेल्या दिवाळीत चिरंजिवांनी चार दिवसांची माळव्याची फेरी काढली होती. देवास, धार, मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर. मांडूस जहाजमहालासमोर दोन्ही मुले मोटारीत झोपली होती. त्यांना उठवावे तर रड आणि न उठवावे तर दोघांपैकी एकाने मोटारीतच बसावयाचे. बसल्या अर्थात सूनबाई. महेश्वरच्या घाटावर पोहोचलो तो ऐन दुपारी. पायऱ्या तापलेल्या, मुले भुकेलेली. चौथ्या रात्री एका विश्रामगृहात धाकट्यास ताप भरला. रात्री दोन वाजता दूध ऊन करून देण्यास तेथे कोणी जागे नव्हते. परतल्यावर छायाचित्रे सर्वांनी पाहिली आणि वाखाणली. एकाही छायाचित्रात सूनबाई नव्हत्या, हे मात्र आमच्या सौभाग्यवतींच्याच ध्यानी आले.

आणि नेमावरचे हे पाच दिवस पाहावे! सकाळी धुके विरले की आम्ही मुलांना घाटावर नेत असू. सिद्धनाथाच्या शिखरावरील शिल्प नातीस दाखवावे म्हणून पहिल्या दिवशी आम्ही तिला मुद्दाम उभे केले. तिने एक क्षण वर पाहिले आणि मग पायरीच्या फटीतून निघालेल्या मुंग्यांची रांग कोठवर जाते हे शोधण्यास ती निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच मुंग्या, त्याच पायरीवर. तिसऱ्या दिवशी तिने आपण होऊन विचारले, ‘आजोबा, देवळावर वरपर्यंत एवढी छोटी छोटी देवळं का आहेत?’ मोठ्या शिखराच्या अंगास बिलगलेली लहान शिखरे तिला दिसली होती. एम.ए.ला आम्ही जे पुस्तकात वाचून पाठ केले, ते तिने तिसऱ्या सकाळी स्वतः पाहिले. पहिल्या सकाळीच आम्ही पुढच्या गावास निघालो असतो तर ते घडले नसते.

धाकट्याचा कार्यक्रम याहून साधा होता. ओली वाळू मुठीत घ्यावयाची आणि सोडावयाची. घाटावरील एक शेळी त्याची मैत्रीण झाली. साडेअकराला त्याचे डोळे मिटू लागत. आम्ही घरी परतत असू. तो दोन तास निजे; त्या दोन तासांत सूनबाई शांतपणे जेवत. एके दिवशी त्या एकट्याच होडीतून नाभिकुंडापर्यंत जाऊन आल्या. ‘किती वर्षांनी एकटी कुठे गेले!’ असे म्हणाल्या. (येथे एक सूचना करून ठेवतो : भूतडी अमावास्येच्या किंवा पर्वणीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन या घाटावर येऊ नये. गर्दी अफाट असते आणि पायऱ्या निसरड्या होतात. पाण्यापाशी तर एरवीही मुलाचे मनगट सोडू नये.)

चौथ्या दिवशी दुपारी, मुले निजली असताना, आम्ही चिरंजिवांना पाटी घेऊन बसविले. शिक्षकाची खोड! बारा दिवसांतून जाण्या-येण्याचे दोन वजा केले, उरले दहा. सात शहरे म्हणजे मधली स्थलांतरे सहा. एकट्या तरुणास स्थलांतरास अर्धा दिवस पुरतो. चौदा महिन्यांच्या मुलासह तो पूर्ण दिवस होतो. कारण खोली दुपारच्या सुमारास सोडावयाची आणि पुढच्या गावची खोली तिसऱ्या प्रहरी हाती यावयाची, हा जगभरचा रिवाज आहे. त्या मधल्या तासांतच नेमकी मुलांची झोप असते. म्हणजे सहा दिवस सामानापाशी गेले. उरलेल्या चार दिवसांत सात शहरे! शिवाय उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपल्याकडे साडेसहाला उठणारे मूल तेथे पहाटे तीनला उठून बसणार. ते शरीर रुळावे तोवर गाव बदललेले असणार.

‘सात शहरं म्हणजे सात वेळा बॅगा भरायच्या आणि सात वेळा उपसायच्या,’ सूनबाई म्हणाल्या. ‘आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या रात्री हा रडणार.’

मराठीतील प्रवासवर्णने आम्ही हौसेने वाचली आहेत. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत मूल कडेवर घेऊन चालणारा लेखक त्यांत सहसा भेटत नाही. अपवाद आठवतो तो पंडिता रमाबाईंचा. १८८३ साली त्या इंग्लंडास निघाल्या तेव्हा कन्या मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. पतीच्या निधनास सव्वा वर्षही झाले नव्हते. इंग्लंडास पोहोचल्यावर ही विदुषी शहरे पाहत हिंडली नाही. वॉण्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात मायलेकींनी मुक्काम केला. अमेरिकेचा दूरचा प्रवास त्यांनी केला तो १८८६ साली. हेतू निराळा होता, काळ निराळा होता, हे मान्य. परंतु आधी एका जागी स्थिरावण्याचे शहाणपण हेतूवर अवलंबून नसते.

तेव्हा नवा बेत ठरला तो असा. पॅरिसला चार रात्री, ल्यूसर्नला सात. बस्स. रोम आणि व्हेनिस गळाले. व्हेनिसमधील चारशेहून अधिक पूल पायऱ्या चढून-उतरून ओलांडावयाचे आणि तेही बाबागाडी उचलून, हे ऐकल्यावर चिरंजिवांनीही त्याचा आग्रह सोडला. पॅरिसच्या भुयारी रेल्वेतही जिने पुष्कळ आहेत, म्हणून तेथे शक्य तो बसने हिंडावयाचे. पॅरिसहून बाझेलमार्गे आगगाडीने साडेचार तासांच्या आसपास ल्यूसर्न. मोटार भाड्याने घ्यावयाची नाही. त्या देशांत लहान मुलास मोटारीत निराळे आसन लागतेच आणि आगगाडीत तो प्रश्न येत नाही. स्वित्झर्लंडात सहा वर्षांखालील मुलांना आगगाडीचे तिकीटही पडत नाही.

ल्यूसर्न ही आमची युरोपातील नाभी. तेथून झ्यूरिक तासाभरावर, बर्न तासाभरावर, इंटरलाकेन दोन तासांवर. वाटेल त्या दिवशी जावे, मुलाचे अंग तापले तर जाऊ नये. सरोवरातून नावेने फिट्झनाऊस जावे आणि तेथून रिगी पर्वतावर चढणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीत बसावे. ती १८७१ पासून चालू आहे. युरोपातील डोंगरावर चढणारी ती पहिली गाडी. परतीचे विमान झ्यूरिकहून धरावयाचे. ज्या शहरात उतरलो तेथेच परत जाण्याचा हेलपाटा असा वाचवता येतो, हे आम्हांसही नव्याने कळले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ कुटुंबे येथेच अडतात. तान्ह्या मुलासही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो पाच वर्षांपुरताच मिळतो. व्हिसाचा अर्ज, ज्या देशात अधिक दिवस मुक्काम त्या देशाकडे करावयाचा. आमचा म्हणून स्वित्झर्लंडकडे. सहा वर्षांखालील मुलांना त्याचे शुल्क नाही आणि बारा वर्षांखालील मुलांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. प्रत्येकाचा किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा मात्र हवाच. दोन वर्षांखालचे मूल मांडीवर बसून जाते, परंतु परतीच्या तारखेपर्यंत ते दोन वर्षांचे होत नाही ना, हे पाहावे. पुढील भिंतीस लावावयाचा पाळणा विमान कंपनी मागितल्यास देते; तो साधारण दहा-अकरा किलो वजनापर्यंतच चालतो. आमच्या नातवाचे वजन आजच साडेनऊ आहे आणि आजीचा वरण-भात चालू आहे.

सौभाग्यवतींनी शिदोरीची यादी लगोलग केली. घरचे साजूक तूप आणि पेढे तिच्या अग्रभागी होते. दुधाचे पदार्थ युरोपात बरोबर नेता येत नाहीत, बाळाच्या दुधाच्या बंद डब्यांना तेवढी दोन किलोंपर्यंत सवलत आहे, हे सांगताच त्यांनी ‘तूप नाही तर भातावर घालायचं काय?’ असा प्रश्न केला. तो अद्याप अनुत्तरित आहे. मेतकूट आणि नाचणीचे सत्त्व ठरले.

शेवटच्या दिवशी सूनबाईंनी जुना कागद मागून घेतला, त्यावरील पाच नावांवर काट मारली आणि पाठीमागे मुलांच्या औषधांची यादी लिहिण्यास घेतली. चिरंजीव शेजारी बसून ल्यूसर्नची बिऱ्हाडे शोधू लागले. स्वयंपाकघर असलेलेच घ्यावयाचे आणि रात्री दोनला दूध ऊन करावयाचे काम त्यांचे, ही अट त्यांनी मान्य केली आहे.