घडीची जर्सी

धर्मगुरूला आयुष्यात काय काय करावे लागेल, याची यादी कोणत्याही गुरुविद्यालयात देत नाहीत. तेथे तत्त्वज्ञान शिकवतात, ईशज्ञान शिकवतात, प्रवचन कसे करावे हेही शिकवतात. पाण्याची मोटर ऐन सणाच्या दिवशी बंद पडली तर काय करावे, मंडपवाल्याशी घासाघीस कशी करावी आणि आठ ते अकरा वर्षांच्या बारा मुलामुलींना बास्केटबॉल कसा शिकवावा, हे मात्र ज्याचे त्यानेच शिकायचे असते. यांपैकी पहिल्या दोन विषयांत आम्ही पन्नाशी ओलांडेपर्यंत बऱ्यापैकी तयार झालो होतो. तिसऱ्याची परीक्षा आम्हांला विश्रांतवाडीत द्यावी लागली आणि त्या परीक्षेत आम्ही एकदा साफ नापास झालो. त्याचीच ही हकिकत.

विश्रांतवाडीच्या नावातली विश्रांती वस्तीत कोठे आढळत नाही. आळंदी रस्त्यावर दिवसरात्र वाहनांची रांग असते, डोक्यावरून लोहगावच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने जातात, आणि धानोरीच्या बाजूस पाहावे तर प्रत्येक पावसाळ्यानंतर नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहिलेले दिसतात. मुलांच्या खेळण्याच्या जागा वाहनतळांनी गिळल्या. मंदिराच्या मागे मुरमाची थोडी मोकळी जागा होती. एके रविवारी मिस्सानंतर एक आई म्हणाली, "फादर, पोरं दिवसभर टीव्हीसमोर बसतात. ती जागा त्यांना द्या, आणि थोडं तुम्हीच शिकवा. तुम्ही सेमिनरीत खेळला असालच."

खेळलो होतो, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. नगर रस्त्यावरील गुरुविद्यालयात आम्ही शिकत असताना संध्याकाळचा खेळ चुकवता येत नसे. आमची उंची बेताची आणि नेम त्याहून बेताचा, म्हणून सहकाऱ्यांनी आम्हांस फार प्रेमाने गुणलेखकाचे काम दिले होते. बाकावर बसून दुसऱ्यांचे गुण मांडण्यात आमची दोन वर्षे गेली. त्यामुळे खेळाचे नियम तेवढे पाठ झाले. त्या भांडवलावर आम्ही होकार दिला.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण लक्षात आली. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर असते. आठ वर्षांचे मूल दोन्ही हातांनी, गुडघ्यांतून जोर काढून चेंडू वर फेकी आणि तो रिंगच्या हातभर खालूनच परत येई. अशी दहा-बारा वेळा निराशा झाली की मुले चेंडू सोडून एकमेकांशी भांडू लागत. मग आम्ही पुस्तके उघडली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्क्रॅंटन या गावी जे आर्चर नावाच्या शिक्षकाने १९५० साली लहान मुलांसाठी हा खेळच लहान केला होता, असे कळले. आज मिनी बास्केटबॉल म्हणून जो खेळ जगभर खेळला जातो त्यात रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू पाच क्रमांकाचा, अर्ध्या किलोच्या आत वजनाचा. आमच्या धर्मग्रामातील एका वेल्डरने लोखंडी खांब व रिंग तयार करून दिली आणि जुन्या कपाटाच्या प्लायवुडचा बोर्ड झाला. पंचेचाळीस सेंटिमीटरचा तो फरक. पण पहिला चेंडू जाळीतून खाली आला तेव्हा मुलांनी जो आरडाओरडा केला, तो ऐकून शेजारच्या इमारतीतील लोक गॅलरीत आले.

आता शिकवायचे काय? लहान मुले चेंडूमागे गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशी धावतात. दहाच्या दहा एका ठिकाणी, आणि उरलेले मैदान ओसाड. आम्ही काही दिवस चेंडूचे टप्पे देण्यासच बंदी केली. चेंडू हाती आला की थांबायचे, मान वर करायची, मोकळा सवंगडी शोधायचा आणि छातीपासून सरळ त्याच्याकडे ढकलायचा. "थांब, पाहा, दे" हे तीन शब्द मुले धर्मशिक्षणाच्या वर्गातही एकमेकांना ऐकवू लागली. दोन महिन्यांत मैदानाचे कोपरे भरले. मूल मान वर करून दुसऱ्याकडे पाहू लागले की अर्धा बास्केटबॉल आला, असे आमचे मत झाले आहे.

मग जर्सी आल्या. एके काळी आंतरराष्ट्रीय सामन्यांत ४ ते १५ एवढेच क्रमांक चालत. १, २, ३ हे आकडे पंचांच्या बोटांच्या खुणांसाठी राखलेले असत. पुढे तो नियम सैल झाला. पण आमची मुले नेमकी बारा, म्हणून आम्ही तेच जुने क्रमांक घेतले. सर्वांत लहान मुलाला पंधरा क्रमांक मिळाला. जाड भिंगांचा चष्मा, बारीक हात, आणि जर्सी गुडघ्यापर्यंत. आजी राहुरीकडून पुण्यात आलेली. आईवडील दोघेही कामावर, म्हणून तीच त्याला मैदानावर आणी व कुंपणाशी बसून राही. जर्सी वाटताना आम्ही सर्वांसमोर म्हणालो, "बाळांनो, सामना होईल तेव्हा प्रत्येकाला खेळायला मिळेल." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्ही विसरलो.

मे महिन्याच्या अखेरीस शेजारच्या वस्तीतील एका संघाशी सामना ठरला. सहा सहा मिनिटांच्या चार पाळ्या. पालक खुर्च्या मांडून बसले, वेफर्स आले, शिट्ट्या वाजल्या. आणि आम्हांस काय झाले कोण जाणे! गुण बरोबरीने चालले होते. तिसऱ्या पाळीअखेर आम्ही एका गुणाने मागे होतो. चौथ्या पाळीच्या आधी पंधरा क्रमांक बाकावरून उठला. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग आमच्याकडे पाहिले, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. असे तीनदा केले. आम्ही ते पाहिले, आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. आमचे चांगले पाच आम्ही मैदानात ठेवले. सामना १२-११ असा जिंकला. लोकांनी आम्हांला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. छायाचित्र काढले. त्यात अकरा जर्सी मुरमाने लाल झालेल्या आहेत आणि एक अगदी स्वच्छ आहे.

पुढच्या रविवारी आजी कार्यालयात आल्या. "जय ख्रिस्त, फादर," म्हणाल्या आणि टेबलावर घडी घातलेली जर्सी ठेवली. "पोरगं आता यायचं नाही म्हणतंय. दुसऱ्या कुणाला होईल ही. धुतलेली नाही बरं का. धुवायला लागलीच नाही." आवाजात तक्रार नव्हती. चहा न घेता त्या निघून गेल्या.

दर शनिवारी प्रायश्चित्त संस्कारासाठी आम्ही लोकांच्या चुका ऐकतो. चूक मान्य करणे किती सोपे आहे, देव किती दयाळू आहे, असे आम्ही त्यांना समजावतो. ती जर्सी तीन आठवडे आमच्या टेबलावर पडून होती आणि त्या मुलाच्या घरी जाण्यास आम्हांला रोज नवे काम आडवे येत होते.

त्या दिवसांत आम्ही या खेळाचा जन्म कसा झाला ते पुन्हा वाचले. डिसेंबर १८९१. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. त्यांनी मॉन्ट्रियलला ईशज्ञानाचे शिक्षण घेतलेले होते. बाहेर बर्फ, आत व्यायामाला कंटाळलेला १८ विद्यार्थ्यांचा दांडगा वर्ग. त्यांना एकमेकांची हाडे न मोडता खेळता यावे म्हणून नेस्मिथ यांनी १३ नियम लिहिले. चेंडू हाती घेऊन पळायचे नाही आणि लक्ष्य डोक्याच्या वर ठेवायचे; म्हणजे धसमुसळेपणापेक्षा हलक्या हाताला मोल येईल. शिपायाकडे त्यांनी खोकी मागितली. त्याने पीच फळांच्या टोपल्या आणून दिल्या. सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता. पहिल्या सामन्यात एकच चेंडू टोपलीत पडला.

हे सारे आम्ही पूर्वीही वाचले होते. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली होती. त्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. नऊच का? वर्गात अठरा मुले होती म्हणून. या खेळाच्या पहिल्या सामन्याला राखीव खेळाडूंचा बाकच नव्हता! पुढे कॅन्ससच्या विद्यापीठात नेस्मिथ संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० हरले.

ज्येष्ठ महिन्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते, ती आमच्या विश्रांतवाडीवरूनच. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला आमचे तरुण पाणी वाटत होते. दिंड्या जात होत्या. काठी टेकणारी म्हातारी, आईच्या कडेवरचे पोर, टाळ वाजवणारा गडी, सर्व एका चालीने. पुढे कोण आणि मागे कोण, याची कोणाला फिकीर दिसली नाही. आमच्या समोरच आजी आणि पंधरा क्रमांक पेले भरून देत होते. एका वारकऱ्याला पाणी देताना पोराने थांबून, मान वर करून, नीट त्याच्या हातात पेला दिला. थांब, पाहा, दे. आम्ही त्याच संध्याकाळी जर्सी घेऊन त्यांचे घर गाठले.

"बाळा, आमचं चुकलं," आम्ही म्हणालो. "शब्द दिला आणि पाळला नाही."

त्याने चष्मा वर सरकवला. "फादर, मी खेळलो असतो तर आपण हरलो असतो का?"

खोटे बोलावे असे फार वाटले. "हरलो असतो बहुतेक," आम्ही म्हणालो.

"मग तुम्ही बरोबरच केलं ना?"

एवढ्याशा मुलाने आम्हांला माफ करण्यासाठी स्वतःलाच कमी ठरवावे, यापेक्षा मोठी शिक्षा आम्हांला कोणी दिली नसती. आम्ही म्हणालो, "नाही रे. हरणं चाललं असतं. हे चाललं नाही." तो काही बोलला नाही. जर्सी मात्र त्याने मांडीवर घेतली.

त्यानंतर आम्ही हिशेब बदलला. चार पाळ्या, प्रत्येकीत पाच खेळाडू, म्हणजे वीस जागा. बारांना एकेक दिली की आठ उरतात. तेव्हा आठ जणांना दोन पाळ्या, चौघांना एक. पुढच्या सामन्यात ते चौघे बदलायचे. हा तक्ता आठ क्रमांकाची मुलगी सांभाळते, आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार आम्हांला नाही.

सर्वांना हे पटले असे नाही. सैन्यातून निवृत्त झालेले एक पालक म्हणाले, "फादर, जग स्पर्धेचं आहे. मुलांना जिंकायला शिकवा." त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला संघाचे कर्णधारपद भूषवले. त्या उंचीवर कोणी आळीपाळीच्या तक्त्याने पोहोचत नाही. आमच्या संघातील सर्वांत चपळ मुलगा कंटाळला आणि दुसरीकडे शिकू लागला. त्याचे बरेच झाले, पण आम्हांला वाईट वाटले. निवड, चुरस, राखीव बाक यांना त्यांचे वय आहे. ते वय आठ नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

पंधरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी आणि पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्याच संघाशी पुन्हा सामना झाला. रात्री पाऊस पडून गेला होता. चिखलात चेंडूला टप्पाच मिळेना. मुले नाइलाजाने एकमेकांना पास देत राहिली. पंधरा क्रमांक दुसऱ्या पाळीत उतरला. चेंडू त्याच्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा तो चेंडू घेऊनच धावला आणि पंचांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्यांदा तो थांबला, चष्म्यावरचा थेंब खांद्याला पुसला, पाहिले, आणि चार क्रमांकाला चेंडू दिला. चार क्रमांकाचा नेम चुकला. परत येताना पंधरा क्रमांक घसरून सपशेल आडवा झाला.

आम्ही १०-७ असे हरलो. छायाचित्र काढायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

रविवारी मिस्सानंतर आजी दारात थांबल्या होत्या. "फादर, दोनदा भिजत घातली, ब्रशनं घासली," त्या म्हणाल्या, "पण डाग काही जात नाहीत बघा." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की वेल्डरपासून निवृत्त सुभेदारांपर्यंत सर्वांनी वळून पाहिले.