विषाणू नाहीसा होतो तेव्हा

जीवाणू वाढतो तो एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ असा. विषाणूचं गणित निराळं आहे: एकाचं शून्य आणि शून्यातून शंभर-दीडशे. मधलं हे शून्य माझ्या विषयाचा गाभा आहे. ते उमगलं की औषधं, लसी, दबा धरून बसणारे आजार अशा कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

मी काम करते ते जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर. त्यांना बॅक्टेरिओफाज म्हणतात. आम्ही नुसतं ‘फाज’ म्हणतो. १९१५मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी लंडनला आणि १९१७मध्ये फेलिक्स देरेल यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते स्वतंत्रपणे शोधले. ते मिळवणं अवघड नाही. सांडपाणी अतिशय बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायचं, ई. कोलाय जीवाणूंबरोबर अगारच्या प्लेटवर पसरायचं आणि रात्रभर उबवायचं. सकाळी जीवाणूंच्या दुधट थरात पारदर्शक ठिपके उमटलेले असतात. हे प्लाक. एका प्लाकची सुरुवात साधारण एका फाजपासून होते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा विषाणू नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो.

यातला टी-४ हा फाज सुमारे २०० नॅनोमीटर लांब असतो, म्हणजे जीवाणूच्या साधारण एक-दशांश. डोक्यात डीएनए, खाली शेपूट आणि शेपटीला लांब तंतू. या तंतूंनी तो जीवाणूचा पृष्ठभाग चाचपतो. ओळखीचा रेणू सापडला की घट्ट बसतो, शेपटीचं बाहेरचं आवरण आकसतं, आतली नळी जीवाणूच्या आवरणात घुसते आणि डीएनए आत शिरतं. प्रथिनांचं कवच बाहेरच राहतं. १९५२मध्ये आल्फ्रेड हर्षी आणि मार्था चेस यांनी टी-२ या त्याच्या भावंडावर हे दाखवून दिलं. किरणोत्सारी गंधकाने प्रथिनं आणि किरणोत्सारी फॉस्फरसने डीएनए अशी खूण करून, बाहेर चिकटलेली कवचं त्यांनी चक्क मिक्सर फिरवून सुटी केली. बहुतेक फॉस्फरस जीवाणूंबरोबर राहिला, बहुतेक गंधक कवचांबरोबर गेलं.

त्याच वर्षी ऑगस्ट डोअरमन यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. संसर्ग झालेले जीवाणू त्यांनी ठरावीक वेळाने फोडून पाहिले. पहिली काही मिनिटं आत एकही फाज सापडेना, आत शिरलेला मूळ फाजसुद्धा नाही! हेच ते शून्य. विषाणू तेव्हा कण म्हणून उरलेलाच नसतो. तो केवळ हुकूम झालेला असतो आणि पेशी तो पाळत असते. जीवाणूचं स्वतःचं डीएनए तुकडे तुकडे होतं, त्यातला माल नव्या फाजच्या डीएनएसाठी वापरला जातो. प्रथिनं घडवणारे रायबोसोम मात्र जीवाणूचेच, आधीपासूनचे. डोकी, शेपट्या आणि तंतू वेगवेगळे तयार होतात. डोक्यात डीएनए ठासून भरलं जातं, मग त्याला शेपूट जोडली जाते, तंतू बसतात. अर्ध्या तासाच्या आत जीवाणू फुटतो आणि नवे फाज बाहेर पडतात. त्यांतला एकही दुसऱ्या फाजच्या विभाजनातून झालेला नसतो. प्रत्येक जण सुट्या भागांतून जुळलेला असतो.

१९६१मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेलसन यांनी याच टोळीतल्या फाजच्या साहाय्याने हा हुकूम रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएचं अस्तित्व सिद्ध केलं. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला ‘एमआरएनए’ तो हाच.

माणसाच्या पेशीतले तपशील वेगळे, तत्त्व तेच. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही चेताकेंद्रांत डीएनएच्या रूपात वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. त्याचं शून्य इतकं लांबतं! नागिणीवर दिलं जाणारं असायक्लोव्हिर मुख्यतः त्या विषाणूच्याच एका विकरामुळे कार्यान्वित होतं आणि त्याच्या डीएनएची नक्कल अडवतं. विषाणूचं स्वतःचं असं फारच थोडं असतं. ते नेमकं हेरावं लागतं. म्हणून अशी औषधं मोजकी आहेत.

अँटिबायोटिक विषाणूवर का चालत नाही, हेही इथेच कळतं. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधू देत नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याचे रायबोसोम अडवतं. विषाणूला ना अशी भिंत, ना स्वतःचे रायबोसोम. साध्या सर्दीत घेतलेली ती गोळी विषाणूला स्पर्शही करत नाही. आपल्या शरीरातल्या जीवाणूंवर मात्र तिचा मारा होतो आणि तिला दाद न देणारे जीवाणू मागे उरून फोफावतात. त्यामुळे डॉक्टर “अँटिबायोटिकची गरज नाही” म्हणाले, तर त्यांनी उपचार टाळला असं समजू नका, आग्रहही धरू नका. आणि लस वेळेवर घ्या. प्रतिपिंडं विषाणूला प्रामुख्याने पेशीबाहेर गाठतात. एकदा तो आत शिरून नाहीसा झाला, की त्यांच्या हाती लागत नाही.