डाग अच्छे नसतात!

पिंपल्स म्हणजे कॉलेजातली कटकट, नोकरी लागली की जातात, असं मला अकरावीत कोणीतरी सांगितलं होतं. आता मी अठ्ठावीसची आहे, नोकरीला सहा वर्षं झाली, आणि हनुवटीच्या कडेने पिंपल्स अजून नेमाने येतात. बरं, येतात तसे आठवड्याभरात जातातही. पण जाताना प्रत्येक जण एक खूण ठेवून जातो. तपकिरी, काळपट, तुरीच्या डाळीएवढी. दिवाळीनंतर एकदा मोजल्या तर दोन्ही गाल मिळून अकरा भरल्या. एक्सेलमध्ये टाकल्या नाहीत, एवढंच.

त्यात घरात बायोडेटाचं वारं वाहायला लागलेलं. "फोटो काढायच्या आधी चेहऱ्याचं काहीतरी बघ गं," हे आईचं दिवसाआडचं वाक्य. मग काय, उपाय सुचवायला अख्खं गोत्र हजर. आजी म्हणाली, लिंबाची फोड चोळ. मावशीने तर मेडिकलमधून एक ट्यूबच आणून दिली. "पंधरा दिवसांत फरक बघ! आमच्या बाईसाहेबांना विचार." बाईसाहेब म्हणजे माझी मावसबहीण. साखरपुड्याआधी तिने तीच ट्यूब लावली होती आणि फरक खरंच पडला होता. फोटोत चकचकीत दिसत होती. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

आता आमच्या धंद्यात एक सवय लागते. कोणी म्हणालं "हे टाक, चालेल", तर आत काय आहे ते बघितल्याशिवाय प्रॉडक्शनवर टाकायचं नाही. गाल म्हणजे तर प्रॉडक्शनच, बॅकअप नाही! म्हणून आधी वाचायला बसले.

लिंबू पहिल्याच फेरीत बाद. लिंबाच्या रसात अशी काही द्रव्यं असतात, की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते, आणि भाजल्या जागी आठवडेच्या आठवडे टिकणारे काळे डाग उमटतात. म्हणजे डागावर उपाय म्हणून नवा डाग. धन्य!

मग ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. या त्रिकुटाला इतिहास आहे. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं मिश्रण डागांसाठी मांडलं. औषध खोटं नाही, आजही वांगासाठी डॉक्टर तसली मिश्रणं देतात. पण मोजून, ठरावीक आठवडे, लक्ष ठेवून. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं, म्हणून चेहरा चार दिवसांत उजळ दिसतो. तेच महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते. २०१८ साली सरकारने चेहऱ्याला फासली जाणारी ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मावशीला चिठ्ठी कोणी विचारली नव्हती, हे सांगायला नकोच.

तर मंडळी, ट्यूब कपाटात ठेवली आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

बाईंनी आधी खोलीतला दिवा बंद केला आणि एक जांभळट उजेडाचा दिवा गालावर धरला. त्याला वुड्स लॅम्प म्हणतात. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ साली त्याची काच बनवली, तीही त्वचेसाठी नव्हे. या उजेडात वरच्या थरातले डाग जास्त गडद उठून दिसतात, खोलवरचे तसे दिसत नाहीत. माझे वरचेच निघाले. सुटले म्हटलं.

मग दिवा लावून त्यांनी विचारलं, "डाग घालवायचेत की गोरं व्हायचंय?"

मी "डाग" म्हणाले. पण खरं सांगू? उत्तर द्यायला दोन सेकंद लागले. त्या दोन सेकंदांत लहानपणापासून ऐकलेलं "नाकीडोळी नीटस आहे, फक्त रंग..." सगळं डोक्यातून गेलं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. माझा हात उलटा करून दंडाची आतली बाजू दाखवत म्हणाल्या, "इथे ऊन लागत नाही. हा तुझा रंग. गाल इथपर्यंत आणायचा. याच्या पलीकडे नेईन म्हणणाऱ्या ट्यूबपासून लांब राहायचं."

एवढी स्पष्ट रिक्वायरमेंट मला सहा वर्षांत एकाही क्लायंटने दिलेली नाही.

उपचार ऐकाल तर कंटाळाल. रात्री अडॅपलीन, सकाळी अझेलेइक ॲसिड आणि त्यावर सनस्क्रीन. बास. (हे माझं प्रिस्क्रिप्शन आहे, तुमचं नव्हे. गरोदरपणात अडॅपलीन चालत नाही, तेव्हा उगाच कॉपी-पेस्ट नको.) अझेलेइक ॲसिडची गंमत म्हणजे त्याचा शोध शिब्यांमुळे पुढे सरकला. शिबं जिथे येतं तिथे त्वचा फिकी का पडते, हे शोधताना १९७०च्या दशकात इटलीतल्या संशोधकांना कळलं, की ती बुरशी हे ॲसिड तयार करते आणि ते रंग बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. एकाची शिबं, दुसऱ्याचं औषध.

पण खरं काम सनस्क्रीनचं. पिंपलच्या सुजेने रंगपेशी चवताळतात आणि जास्त मेलॅनिन ओततात, तो डाग. त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो, त्याबरोबर डाग हळूहळू निघतो. पण रोज ऊन लागलं तर नवा रंग ओतणं चालूच. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार! मला वाटायचं, गाडीवर पुणेरी पद्धतीने स्कार्फ गुंडाळते, मग ऊन कुठलं? तर ऑफिसातली माझी जागा खिडकीशी, आणि साध्या काचेतून यूव्हीए किरण बऱ्यापैकी आत येतात.

आणि मात्रा! एसपीएफचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान धरून साधारण सव्वा ग्रॅम होतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी ४० दिवसांत संपायला हवी. तुमची वर्षभर पुरत असेल तर एकदा हिशेब करून बघा :-)

तिसऱ्या आठवड्यात गालांची सालं निघाली, चुरचुर व्हायला लागली. टीममधल्या एकाने "बरी आहेस ना?" विचारलं. आईने कपाटातल्या ट्यूबकडे नुसतं बघितलं. दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढत होते, ब्यूटी मोड बंद करून. सहा रविवार काहीच नाही. आठव्या रविवारी वाटलं, काहीतरी आहे. तिसरा महिना संपला तेव्हा अकरापैकी सात डाग मलाही शोधावे लागत होते.

त्याच सुमारास रात्री अकराला मावसबहिणीचा फोन आला. रडत होती. "ट्यूब लावली की बरं वाटतं, सोडली की चेहरा पेटतो गं." साखरपुडा होऊन सहा महिने झाले तरी ती लावतच होती, कारण सोडताच येत नव्हती. गाल लालबुंद, बारीक पुरळ, कानांजवळ लव वाढलेली. आणि लग्न दोन महिन्यांवर. तिच्या मनात एकच भीती, "त्यांनी मला गोरी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. असे चेहरे त्यांच्याकडे रोज येतात म्हणाल्या. डॉक्टर लोकांत त्याला नावच आहे, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. औषधं लिहून दिली, वेळ लागेल म्हणाल्या. बाहेर आल्यावर बहिणीने स्वतःहून होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं फोटोग्राफरचे लाइट आहेत." आम्ही रिक्षा स्टँडवर वेड्यासारख्या हसलो.

परवा तिचं केळवण झालं. मावशीने माझी हनुवटी धरून इकडे-तिकडे वळवली आणि निकाल दिला, "डाग गेले हो तुझे! पण उजळली नाहीस गं काही." मी काही बोलायच्या आत बहीणच म्हणाली, "आई, तेच तर बरोबर झालंय."

असो. काल बायोडेटाचा फोटोही काढून आले. स्टुडिओवाला माउसवर हात ठेवून विचारत होता, "मॅडम, दोन शेड लाइट करून देऊ?"

या वेळी दोन सेकंद लागले नाहीत.