साडेतीन मिनिटांची तपासणी

मध्य प्रदेशातील खेड्यातला एक दवाखाना. छातीत दुखते, असे सांगत एक माणूस डॉक्टरांसमोर बसतो. दोन-तीन प्रश्न, गोळ्यांची पुडी, आणि तपासणी संपते. माणूस बाहेर येतो, पण गोळ्या घेत नाही. डॉक्टरांनी काय विचारले, काय तपासले, कोणते औषध दिले, हे तो आठवून सांगतो आणि त्याची नोंद होते. हा रुग्ण खरा नव्हे. हृदयविकाराच्या तक्रारी हुबेहूब सांगण्याचे प्रशिक्षण दिलेला तो स्थानिक रहिवासी आहे.

अर्थतज्ज्ञ जिष्णू दास यांच्या संशोधनातली ही पद्धत. डॉक्टरांची संख्या, पदव्या, इमारती यांची मोजदाद सरकारदप्तरी असतेच. त्या बंद खोलीत रुग्णाला प्रत्यक्षात काय मिळते, हा दास यांचा प्रश्न होता.

सुरुवात दिल्लीत झाली. जेफ्री हॅमर यांच्यासह दास यांनी डॉक्टरांपुढे काल्पनिक रुग्ण मांडून त्यांचे ज्ञान तपासले. मग त्याच डॉक्टरांचे रोजचे काम दवाखान्यात बसून पाहिले. ठाऊक असलेल्यापैकी बरेचसे प्रत्यक्ष तपासणीत उतरत नव्हते. मात्र निरीक्षक समोर असला की माणूस सावध होतो, आणि आलेल्या रुग्णाला खरोखर कोणता आजार आहे हेही निश्चित नसते. या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणजे बतावणीचा रुग्ण.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. ग्रामीण मध्य प्रदेशात पाहणी केलेल्यांपैकी ६७ टक्के जणांकडे वैद्यकीय पात्रता नव्हती. तपासणी सरासरी ३.६ मिनिटांची, अचूक निदान सुमारे १२ टक्के भेटींत. पदवीधर आणि बिनपदवीचे यांच्या तपासणीतला फरकही थोडाच निघाला. पुढे २०१६ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सरकारी नोकरी सांभाळून खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर खासगीत अधिक काळजीने तपासत होते. डॉक्टर तोच, ज्ञान तेच. बदलली होती फक्त खुर्ची.

मग सुधारणा कशी करायची? पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात ‘लिव्हर फाउंडेशन’ ही संस्था बिनपदवीच्या ग्रामीण चिकित्सकांना प्रशिक्षण देत होती. दास, अभिजित चौधरी, रेश्मान हुसाम आणि अभिजित बॅनर्जी यांनी त्याची रीतसर चाचणी घेतली. ३०४ चिकित्सकांतून निम्मे सोडत पद्धतीने निवडले गेले. नऊ महिन्यांत सुमारे १५० तासांचे वर्ग झाले. नंतर दोन्ही गटांकडे बतावणीचे रुग्ण गेले: छातीत दुखणारा, दमा असलेला, आणि घरी जुलाबाने आजारी असलेल्या बाळासाठी औषध मागणारा पालक.

‘सायन्स’ नियतकालिकात २०१६ मध्ये निकाल आला. प्रशिक्षितांकडे योग्य उपचारांचे प्रमाण ७.९ टक्के अंकांनी वाढले होते. अनावश्यक औषधे आणि प्रतिजैविके मात्र कमी झाली नाहीत. औषधविक्रीवरच ज्यांची कमाई चालते, त्यांच्याबाबतीत हे समजण्याजोगे वाटते. पण त्याच अभ्यासात सरकारी केंद्रांतील डॉक्टरांनी या मंडळींपेक्षाही जास्त वेळा अनावश्यक प्रतिजैविके लिहिली होती, आणि तिथे विक्रीचा नफा नव्हता. तेव्हा केवळ लोभाला दोष देऊन हे कोडे सुटत नाही.

अशा प्रशिक्षणाने बोगस डॉक्टरांना प्रतिष्ठा मिळेल, हा आक्षेप डॉक्टरांकडून घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. वर्गात बसल्याने कोणी डॉक्टर होत नाही. पण ज्या गावात रात्री छातीत कळ आल्यावर दुसरे दारच नाही, तिथल्या माणसाला ‘तिकडे जाऊ नका’ एवढेच सांगून भागत नाही. त्या दाराआडच्या माणसाला ॲस्पिरिन देऊन तातडीने रुग्णालयात धाडण्याचे भान असणे, हा त्या रात्रीपुरता जीवनमरणाचा प्रश्न असतो. दीर्घकाळचे धोरण काय असावे, हे कोणतीही एक चाचणी ठरवू शकत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या कामातून एक गोष्ट जरूर घ्यावी. ‘डॉक्टरांना शिकवा’ किंवा ‘बोगसांना पकडा’ असे म्हणणे सोपे आहे. दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मोजले, आणि आपल्या प्रयोगाला जे साधले नाही तेही साधलेल्या यशाच्या शेजारीच छापले.