परत कधी जाणार?

म्हैसूरच्या गोकुलम भागात भल्या पहाटे बाहेर पडले, की काखेत चटई घेतलेली परदेशी मंडळी हमखास भेटतात. योगगुरू पट्टाभी जोईस यांनी २००२ साली आपली योगशाळा लक्ष्मीपुरममधून इथे हलवली, तेव्हापासून या शांत गल्ल्यांना अशा पाहुण्यांची सवय झाली आहे. लग्न होऊन बेळगावहून म्हैसूरला आलेल्या एका काकूंनीही वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. यजमान सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेतून निवृत्त झाले होते, मुलगा शिकायला बंगळूरला गेला होता. तेवढीच घरात जाग.

परदेशी पाहुणा घरी उतरला, की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. त्यासाठी तेव्हा 'सी फॉर्म' भरावा लागे. पासपोर्टचा नंबर, व्हिसाची मुदत, कुठून आला, किती दिवस राहणार. काकू चहाचा कप पुढे करत सहज विचारायच्या, "परत कधी जाणार?" या साध्या प्रश्नात कुणाला दुखावण्यासारखे काही असेल, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

पण २०१८ साली हाच प्रश्न त्यांना विचारला जाणार होता.

रांगेतली बहीण

काकूंचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर त्याने २००८ साली हौसेने ताईसाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला. काकूंनीही फारसा विचार न करता कागद पाठवून दिले. भावाने मायेने मागितले, नाही कसे म्हणायचे?

नागरिकाच्या आई-वडिलांना तिथे वर्षाच्या जागांची मर्यादा नाही. त्यामुळे वडील गेल्यावर २०१२ साली आई मुलाकडे राहायला गेली. भावंडांचे तसे नाही. त्यांच्यासाठी साऱ्या जगात मिळून वर्षाला ६५,००० जागा, त्यातच त्यांचे जोडीदार आणि मुले. शिवाय प्रत्येक देशाला ठरावीक वाटा. भारतातून मागणी फार, म्हणून रांग लांबच लांब. २०१८ मध्ये जेमतेम २००४ च्या आसपासच्या अर्जांचा नंबर लागत होता. मुले एकवीस वर्षांची झाली, की साधारणपणे त्यांचे नाव अर्जातून गळते. काकूंच्या मुलाने ते वय केव्हाच ओलांडले होते.

त्याच वर्षी आई घरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आता तिला इतका लांबचा प्रवास जमणार नव्हता. फोनवर ती एकच म्हणे, "एकदा येऊन जा गं."

काकूंनी भेटीच्या व्हिसासाठी अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: तुमच्यासाठी कुणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे का?

फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाने सल्ला दिला, "मॅडम, 'नाही' लिहा. 'हो' म्हटलंत तर तुम्ही परत येणार नाही असंच त्यांना वाटेल."

काकू घरी आल्या त्या गप्पगप्पच. 'नाही' लिहिले तर खोटे. 'हो' लिहिले आणि व्हिसा नाकारला तर आई पुन्हा दिसेल की नाही, कोण जाणे! रात्री भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माझ्या सहीचा कागद त्यांच्याच कपाटात आहे. तू 'नाही' म्हणालीस तर आपण दोघंही खोटे पडू."

त्याचे म्हणणे खरे होते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे उघड झाले, तर त्या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. रांगेतला अर्ज असला म्हणजे भेटीचा व्हिसा मिळतच नाही, असे नाही. मात्र प्रत्येक अर्जदार तिथेच राहायला निघाला आहे, असे अधिकाऱ्याने कायद्यानेच गृहीत धरायचे असते. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची.

काकूंनी 'हो' लिहिले.

कावेरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून दोघे चेन्नईला पोहोचले. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत. हातात घरपट्टीच्या पावत्या आणि पेन्शनचे कागद घातलेली जाडजूड फाइल. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने ती उघडायलाही सांगितली नाही.

"भावाने तुमच्यासाठी अर्ज केलाय. म्हणजे तुम्हाला तिथे कायमचं राहायचंय?"

"नंबर लागेल तेव्हा बघू," काकू म्हणाल्या. "आत्ता मला आईजवळ तीन महिने राहायचंय. गणपतीच्या आधी परत येईन. यजमान इथे एकटे आहेत."

दोन-तीन मिनिटांत सारे संपले. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

उंबरठ्यावरचा निरोप

जूनमध्ये त्या एडिसनला पोहोचल्या. विमानतळावर सहा महिने राहण्याची परवानगी मिळाली होती. आईला वॉकर धरून चालवायचे, तिची वेणी घालायची, मऊ भात आणि मेतकूट भरवायचे. दुपारी दोघी बेळगावच्या घराच्या गोष्टी काढत बसायच्या.

ऑगस्ट संपत आला तशी आई म्हणू लागली, "या वर्षी गौरी इथेच बसवू. नंबर आज ना उद्या लागणारच आहे, मग जायचं कशाला?"

राहायला अजून तीन महिने कायद्याने मोकळे होते. भाऊही काही बोलेना. काकू रात्रभर तळमळल्या. पण खिडकीपाशी दिलेला शब्द होता, आणि गोकुलमच्या घरात यजमान रोज कुकर लावून एकटेच जेवत होते. ५ सप्टेंबरला त्या निघाल्या. आई दारापर्यंत आली. "परत कधी येणार?" एवढेच तिने विचारले. काकूंना उत्तर देता आले नाही.

त्या एकोणनव्वद दिवसांची खरी किंमत कळली ती २०२२ साली. आईने अंथरूण धरले. करोनानंतर तेव्हा भारतात भेटीच्या नव्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागत होते. काकूंना कुठेच थांबावे लागले नाही. व्हिसा शाबूत होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मागच्या खेपेला किती दिवस राहिलात, असे विचारले. काकूंनी बेधडक सांगितले. शिक्का उमटला. आईचे शेवटचे अकरा दिवस त्या तिच्या उशाशी होत्या.

परदेशातल्या भावाबहिणीचा अर्ज रांगेत असलेली कितीतरी घरे आज आपल्याकडे आहेत. अर्जाचे काय व्हायचे ते सावकाश होईल. पण तोवर आई-वडील थांबत नाहीत. भेटायचे असेल तर सरळ मार्गाने जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. असे परत येणे फुकट जात नाही.

काकूंचा अर्ज अजून रांगेतच होता. २०२५ साली भारतातल्या २००६ च्या अर्जांचे काम चालू होते. "नंबर लागला तर येशील ना?" असे भाऊ विचारतो. यजमान वर्तमानपत्रातून डोके वर काढून त्यांच्याकडे पाहतात. काकू म्हणतात, "लागू तर दे."

वरच्या खोल्यांत पाहुणे येतात आणि जातात. काकू अजूनही त्यांचा फॉर्म भरून घेतात. फक्त 'परत कधी जाणार?' हा प्रश्न आता सगळ्यांत शेवटी येतो. त्याआधी त्या विचारतात, "आई कशी आहे?"