एका वेळी एकच पट्टी

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी आणि मी इंदूरच्या घरी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला. मनात एकच होतं, आजीच्या आवाजातल्या ओव्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज त्यात जपून ठेवायची. आजी आता नाही.

पण मध्येच निळा पडदा यायचा आणि सगळं बंद. दोनदा विंडोज नव्याने टाकलं, फरक नाही. मग एक ओवी कॉपी केली, तर मधोमध खरखर! पोटात गोळाच आला. नशीब, पेन ड्राइव्हवरची मूळ फाईल शाबूत होती.

बाबा म्हणाले, "आधी कॉपी करणं थांबव. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल."

दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६+ चालवलं. पडद्यावर लाल ओळी. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून रॅमचा वेग कमी केला, तरी लाल ओळी. मग वीज काढून ८ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच लावली. रात्रभर चाचणी चालली, एकही चूक नाही. त्याच खाचेत दुसरी लावली आणि दहा मिनिटांत चुका! म्हणजे खाच ठीक, पट्टी बिघडलेली. ती वॉरंटीत बदलून मिळाली.

नवी पट्टीही रात्रभर तपासली, मगच ओव्या कॉपी केल्या आणि प्रत्येक प्रत मूळ फाईलशी ताडून पाहिली. मूळ पेन ड्राइव्ह मात्र पुसला नाही. तो आईच्या कपाटात, आजीच्या चष्म्याशेजारी आहे.