पुरातला उपास

कोल्हापुरात पाकट मासा दिसतो तो बाजारात, कोकणातून बर्फात घाट चढून आलेला. आमच्याकडे तो पाळलेला होता, निळ्या ठिपक्यांचा, पोळपाटाएवढा. "कालवणात घालायचं सोडून ह्याला कोळंबी चारतोयस?" असं आई म्हणायची आणि चारायचीही तीच.

पाकटाला पाण्याची उंची नको, तळ ऐसपैस हवा. म्हणून टाकी 6 फूट लांब, 4 फूट रुंद. पाणी दीड फूट. साधारण 1,000 लिटर पाण्याला 35 किलो समुद्री मीठ. तळाशी बारीक वाळू, कारण खडीनं पोटाला ओरखडे पडतात. वाळूत अंग पुरून तो बसला की नुसते डोळे वर. डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढून श्वास घ्यायचा. वाळूत दडलेली जिवंत कोळंबी तिच्या अंगातल्या सूक्ष्म विजेवरून हुडकायचा आणि तिच्यावर अंगच पांघरायचा. शेपटीला विषारी काटा, त्यामुळे तो कुठं आहे हे बघूनच टाकीत हात घालायचा.

जुलै 2021 मध्ये पंचगंगेला महापूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली, नळही बंद. फिल्टरमधले जिवाणू माशानं सोडलेला अमोनिया पचवतात; पाणी फिरायचं थांबलं की प्राणवायूविना तेही मरू लागतात. बॅटरीवरचा हवापंप लावला आणि चारणं बंद केलं. खाणं नाही, तर अमोनियाही कमी.

आईला ते पटेना. "एकादशी मंगळवारीच झाली की. आता ह्याला कसला उपास?"

टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागं राहतं. ती तूट गोड्या पाण्यानं भरायची. शहरभर पाणीच पाणी, पण गटारं मिसळलेलं. आईनं पिण्याच्या पाण्याची तांब्याची कळशी पुढं केली. तांबं पाकटाला बाधतं म्हटल्यावर ती चिडली, "आम्हाला औषध आणि ह्याला विष?" तरी स्टीलच्या पिंपातलं पाणी तिनंच काढून दिलं, घरातल्यांच्या वाट्यातलं.

वीज आल्यावर आधी अमोनिया तपासला, मग कोळंबी टाकली.

आता कुणी पाकट पाळायचं म्हणून विचारायला आलं, तर टाकी केवढी घेणार हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमचा इन्व्हर्टर किती तास चालतो आणि घरात गोडं पाणी किती साठवता?